चाचणीत बहिर्मुखता ‘२२’ आली, म्हणून मुलीने वकील होऊ नये?

वाचकाचं पत्र (सारांश): कोथरूडच्या एका आईने लिहिलं आहे. मुलगी यंदा दहावी झाली. तिला कला शाखा घेऊन पुढे वकिलीकडे जायचं आहे. मामाने हौसेने तिची एका खासगी केंद्रात व्यक्तिमत्त्व चाचणी करून घेतली. संगणकावर इंग्रजीत प्रश्न होते, आणि नंतर चोवीस पानांचा रंगीत अहवाल हातात आला. त्यात ‘बहिर्मुखता २२, भावनिक स्थैर्य १९, काटेकोरपणा ७८’ असे आकडे आहेत. शेवटच्या पानावर ‘अंतर्मुख-विश्लेषक’ असा प्रकार दिला आहे आणि वाणिज्य शाखेची शिफारस आहे. ‘लोकांसमोर बोलण्याची कामं टाळावीत’ असंही लिहिलं आहे. वडील म्हणतात, एवढे पैसे मोजले तर ऐकायला नको का? मामा म्हणतो, हे शास्त्र आहे. सोसायटीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मुलगी करणार होती, तिने नाव काढून घेतलं. म्हणाली, ‘माझा रिपोर्टच तसा आहे.’ आई लिहितात, ‘ती लहानपणापासून मितभाषीच. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाते. दोन वर्षं ढोलपथकात वाजवते तेवढं सोडलं तर कुणात मिसळत नाही. शंभरात बावीस म्हणजे फारच कमी. तिला कुठे घालू? स्वभाव बदलता येतो का?’

प्रिय ताई,

पत्रात तुम्ही बरंच काही लिहिलंय, पण माझं लक्ष अडकलं ते ‘शंभरात बावीस’ या शब्दांवर. तुमच्या घरातली निम्मी काळजी त्या एका आकड्यातून आली असावी, म्हणून आधी त्याचंच बघू.

तो आकडा गुणांचा नाही. अहवालात त्याच्या आसपास बारीक अक्षरात ‘पर्सेंटाइल’ असं छापलेलं असेल, बघा. सीईटीमुळे हा शब्द घरोघरी पोचलाय, पण त्याबरोबर ‘जितका जास्त तितका चांगला’ ही सवयही डोक्यात बसली आहे. इथे २२ पर्सेंटाइलचा अर्थ एवढाच की ज्या गटाशी तिची तुलना केली, त्यातल्या साधारण २२ टक्के मुलांची उत्तरं तिच्याहून कमी बहिर्मुख होती आणि बाकीच्यांची जास्त. इथे ३५ ला पास नाही आणि ९५ ला पेढे नाहीत. ९५ आलेल्या मुलाला एकट्याने तीन तास पुस्तक घेऊन बसायला सांगा, त्याची किती चुळबुळ होते ते दिसेल. दोन्ही टोकांना काही सोपं जातं, काही जड.

हा आकडा तयार कसा होतो? मुलीसमोर पडद्यावर एकेक वाक्य आलं असेल. ‘मी अनोळखी लोकांशी सहज बोलते.’ ‘गर्दीत मला थकवा येतो.’ प्रत्येकापुढे ‘अजिबात नाही’ पासून ‘अगदी बरोबर’ पर्यंत पाच पर्याय. पहिल्या वाक्याला ‘अगदी बरोबर’ म्हटलं की पाच गुण, दुसऱ्याला तेच म्हटलं की एक, कारण ते वाक्य उलट बाजूचं आहे. अशा काही वाक्यांची बेरीज करायची आणि ती इतरांच्या बेरजांशी ताडून पाहायची. संगणकाने तिच्या मनात डोकावून काही शोधून काढलेलं नाही. तिने स्वतःबद्दल जे सांगितलं, तेच तिला आकड्यांत परत मिळालं. ‘गर्दीत थकवा येतो’ हे वाचताना तिच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल? नात्यातलं लग्न, जिथे प्रत्येक मावशी ‘किती टक्के पडले?’ विचारते? की लक्ष्मी रस्ता? यावर उत्तर बदलतं. त्यात प्रश्न इंग्रजीत. सोळा वर्षांच्या मुलीला ‘असर्टिव्ह’ आणि ‘रिझर्व्ह्ड’ या शब्दांच्या छटा नीट कळल्या होत्या का, हे तिला विचारा.

आणि तिची तुलना नेमकी कोणाशी झाली? पुण्यातल्या दहावीच्या मुलींशी, की कुठल्या तरी दुसऱ्या देशातल्या प्रौढ नोकरदारांशी? याला ‘मानके’ म्हणतात, आणि ती कोणत्या गटावरून काढली हे सांगणं चाचणी घेणाऱ्याचं काम आहे.

थोडा हिशेब करते, कंटाळू नका. व्यक्तिमत्त्व चाचण्यांमध्ये बरेचदा सरासरी ५० आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, १० असं माप वापरतात. २२ पर्सेंटाइल म्हणजे त्या मापावर साधारण ४२. चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे निकालातलं सातत्य, ०.८० धरू. हा चांगला आकडा मानतात. तरीही मापनातली प्रमाण त्रुटी, म्हणजे आकडा साधारण किती इकडेतिकडे सरकू शकतो ते, साडेचारच्या आसपास निघते. म्हणजे ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर तिचा खरा आकडा ३३ ते ५१ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. पर्सेंटाइलमध्ये सांगायचं तर ५ पासून थेट ५३ पर्यंत. ‘फारच कमी’ पासून ‘चारचौघींसारखी’ पर्यंत सगळं त्या एका २२ मध्ये मावतं. चोवीस पानांमध्ये हा पट्टा कुठे दाखवला आहे का, ते पाहा. दाखवला नसेल, तर अहवालातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर तुम्हाला मिळालेलाच नाही.

मग हे सगळं थोतांड आहे का? तसं मी मुळीच म्हणणार नाही. व्यक्तिमत्त्वाच्या मोजमापामागे जवळपास शंभर वर्षांची मेहनत आहे. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसांमधले फरक सांगणारे सुमारे १८ हजार शब्द गोळा केले. जे फरक माणसांना जगताना महत्त्वाचे वाटतात, त्यांना भाषेत नाव मिळालेलं असणार, हा त्यामागचा विचार. आपल्याकडेही बघा ना: घुमी, सालस, तिरसट, भिडस्त, धांदरट, चेंगट, मनस्वी. पुढे रेमंड कॅटेल यांनी संख्याशास्त्राच्या मदतीने ही यादी १६ घटकांवर आणली. १९६१ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना वेगवेगळ्या गटांमध्ये पुन्हा पुन्हा पाचच घटक सापडले. आज त्यांनाच ‘बिग फाइव्ह’ म्हणतात: बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेणं, कामातला काटेकोरपणा, मन चटकन अस्वस्थ होणं आणि नव्या अनुभवांची, विचारांची ओढ. अ‍ॅश्टन आणि ली हे संशोधक प्रामाणिकपणा-नम्रता हा सहावा घटक मानतात. हजारो माणसांचा एकत्र विचार केला, तर या घटकांवरून शिक्षण, काम, तब्येत याबद्दल काही अंदाज खरोखर बांधता येतात.

पण हजारोंबद्दलचा अंदाज एकीवर लावला की घोळ होतो. शिवाय हे घटक वर्णन करतात, कारण सांगत नाहीत. ‘ती गप्प का बसते?’ तर अंतर्मुख आहे म्हणून. ‘अंतर्मुख आहे हे कशावरून?’ तर गप्प बसते म्हणून. अहवालाची कितीतरी पानं या गोल रिंगणातच फिरत असतात.

‘अंतर्मुख-विश्लेषक’ हा शिक्का तर मला अजिबात मान्य नाही. बहिर्मुखता उंचीसारखी पसरलेली असते. बहुतेक माणसं मध्यावर, टोकाला थोडी. तिथे मधोमध रेघ मारून अलीकडचे अंतर्मुख आणि पलीकडचे बहिर्मुख असे दोन ढीग केले, की रेघेच्या दोन बाजूंना जेमतेम अंतरावर असलेल्या मुली वेगळ्या जातीच्या ठरतात. माणसांना सोळा प्रकारांत टाकणाऱ्या लोकप्रिय मायर्स-ब्रिग्ज चाचणीची हीच अडचण आहे. कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या मांडणीवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी ती रचली. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली, तर कितीतरी लोकांचा प्रकार बदललेला निघतो. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने स्पष्ट सांगितलं की करिअर समुपदेशनात ती वापरावी इतका पुरावा नाही. तुमच्या अहवालातला शिक्का त्याच वळणाचा आहे.

‘पण वर्णन अगदी तिचंच आहे हो!’ असं तुम्ही म्हणाल. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाला त्याचं ‘स्वतंत्र’ वर्णन दिलं. किती जुळतं ते ० ते ५ मध्ये सांगा, म्हणाले. सरासरी आली ४.२६. मग त्यांनी उघड केलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तो ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतला होता. ‘वरून शांत दिसता, पण आत खूप विचार चालू असतात’ हे वाक्य कोणाला लागू पडत नाही? अहवालातली अशी वाक्यं पेन्सिलीने खोडून पाहा. उरेल तेवढंच खास तुमच्या मुलीबद्दलचं.

आता त्या ढोलपथकाबद्दल. तुम्ही ‘तेवढं सोडलं तर’ असं लिहून पुढे गेलात. मी मात्र तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होते. जड ढोल कमरेला बांधून, विसर्जनाच्या गर्दीत, दोन्ही बाजूंनी हजारो डोळे रोखलेले असताना तुमची मुलगी तासन्‌तास ठेका सोडत नाही. त्याआधी आठवडेच्या आठवडे नदीपात्रात सरावाला जाते, पन्नास-शंभर जणांच्या ताफ्यात ताशाकडे कान ठेवून वाजवते. चुकलं तर सगळ्यांसमोर चुकतं. हे लोकांत मिसळणं नाही तर काय आहे? वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये आपल्या सहकारी मानसशास्त्रज्ञांना नेमका हाच प्रश्न टाकला होता. स्वभावाच्या चाचणीवरून एखाद्या विशिष्ट प्रसंगातलं वागणं सांगायला जावं, तर दोहोंतला सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे पूर्ण मेळ) साधारण ०.३० च्या वर जात नाही, असं त्यांनी दाखवलं. त्यावरून पुढे बरीच वर्षं वाद झाला. आज बहुतेकांना पटलेली गोष्ट अशी की स्वभाव असतो, पण तो सरासरीत दिसतो. एकच माणूस एकाच आठवड्यात कधी खूप बोलका, कधी अगदी गप्प असतो, आणि हा चढउतार चांगलाच मोठा असतो, हे विल्यम फ्लीसन यांनी दिवसातून अनेकदा नोंदी घेऊन दाखवलं. तुमच्या मुलीला गर्दीचं वावडं नाही. पाहुण्यांपुढे ‘काय गं, पुढे काय ठरवलंस?’ ला उत्तर देत बसणं नको असतं, आणि या वयात ते किती जणींना हवं असतं?

‘लहानपणापासून अशीच आहे, बदलता येईल का?’ असं तुम्ही विचारलंत. जुळ्यांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकापैकी साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिक दिसतो. याचा अर्थ तिचा निम्मा स्वभाव गोठलेला आहे असा नव्हे; तो आकडा लोकांमधल्या फरकांचा आहे, एका मुलीच्या आतल्या वाटणीचा नाही. रॉबर्ट्स आणि डेलवेकिओ यांनी २००० साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, की काही वर्षांनी पुन्हा मोजलं तर माणसांचा एकमेकांतला क्रम किती टिकतो. बालपणी हा सहसंबंध ०.३१ होता, कॉलेजच्या वर्षांत ०.५४, आणि पन्नाशी ते सत्तरीत ०.७४. तुमची मुलगी या प्रवासाच्या सुरुवातीला आहे. विशी-तिशीत बहुतेकांचा काटेकोरपणा वाढतो, मन अधिक स्थिर होतं, आणि त्यासाठी कोणी शिबिराला जावं लागत नाही. काम, जबाबदारी, नाती हेच घडवतात.

पण ताई, बदलायचंच कशाला? अंतर्मुख असणं हा दोष आहे, हे आपण मनात धरून चाललोय. कमी बोलणं आणि बोलायची भीती वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिला बोलावंसं वाटतं पण पोटात गोळा येतो, की बोलावंसंच वाटत नाही? पहिल्या गोष्टीत मदत करता येते, हळूहळू सरावाने. दुसऱ्या गोष्टीला मदतीची गरजच नाही. हे तिला चाचणी विचारत नाही, तुम्ही विचारू शकता.

‘भावनिक स्थैर्य १९’ वाचून तुम्ही घाबरलात, हे पत्रावरून कळतं. ‘बिग फाइव्ह’मधल्या ‘मन चटकन अस्वस्थ होणं’ याचीच ही उलट बाजू. हे आजाराचं निदान नाही. या तऱ्हेची पहिली प्रश्नावली १९१७ च्या सुमारास रॉबर्ट वुडवर्थ यांनी अमेरिकी सैन्यासाठी केली, युद्धाच्या धक्क्याने कोण कोलमडेल ते आधी ओळखायला. तिचा वारसा आजच्या प्रश्नांत दिसतो, पण दहावीच्या निकालानंतर, अकरावीच्या प्रवेशाच्या धांदलीत ‘मला काळजी वाटते’ या वाक्याला ‘हो’ म्हणणारी मुलगी खरं तेच सांगते आहे. मात्र तिची झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, मैत्रिणींपासूनही ती तुटली असेल आणि हे काही आठवडे चाललं असेल, तर अहवाल बाजूला ठेवा आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइनही आहे, मोफत.

तिसरा आकडा, काटेकोरपणा ७८, याबद्दल घरात कोणी एक शब्द काढलेला दिसत नाही. बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये कामाच्या ठिकाणचे पुष्कळ अभ्यास एकत्र केले, तेव्हा त्यांनी तपासलेल्या सगळ्या व्यवसायगटांत कामगिरीशी जुळणारा घटक हाच निघाला. बहिर्मुखतेचा संबंध मुख्यतः विक्री आणि व्यवस्थापनाच्या कामांत दिसला. हे सहसंबंधही छोटेच आहेत, तेव्हा ७८ वर हुरळून जाऊ नका. पण त्याच अहवालातलं २२ खरं मानायचं आणि ७८ कडे बघायचंही नाही, हे मुलीवर अन्यायाचं आहे.

आणि वकिली म्हणजे भाषणबाजी, हे कोणी सांगितलं? कागद वाचणं, जुने निकाल शोधणं, मसुदा लिहिणं, अशिलाचं निमूट ऐकून घेणं, यातच वकिलाचे कितीतरी तास जातात. ओळखीतून एखादी वकील गाठा आणि मुलीला तिच्याबरोबर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात दिवसभर बसू द्या. संध्याकाळी ती जे सांगेल, ते चोवीस पानांहून जास्त उपयोगाचं असेल. शाखेच्या बाबतीत जिवाला फार घोर लावू नका. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेतून जाता येतं, त्यामुळे वाणिज्य घेतलं तरी ती वाट बंद होत नाही. पण तिला कला हवी आहे आणि तिला अडवायला अहवालाखेरीज दुसरं कारण नसेल, तर पसंतीक्रमात कलाच वर ठेवा. आवडीचे विषय शिकताना माणूस वर्गात तोंड उघडतो, हेही आहेच.

असेच अहवाल हातात घेऊन बसलेले आणखी पालक हे वाचत असतील. पैसे भरले आहेत, तर केंद्रात जाऊन उत्तरं मागायचा तुमचा हक्क आहे. चाचणीचं नाव काय, ती कोणी तयार केली, मानके कोणत्या गटाची, विश्वसनीयता किती, ती सप्रमाण असल्याचा, म्हणजे ज्या कामासाठी वापरली त्याच कामाला योग्य असल्याचा, पुरावा काय, आणि अहवाल माणसाने लिहिला की संगणकाने? व्यक्तिमत्त्व, कल आणि क्षमता या तीन वेगळ्या चाचण्या आहेत. स्वभावाच्या प्रश्नांवरून शाखा सांगितली असेल तर ती उडी कशी मारली तेही विचारा. मुलाशी तासभर कोणी समोरासमोर बोललं नसेल, तर त्या शिफारशीला मी काडीची किंमत देणार नाही. सैन्यदलाची निवड मंडळं उमेदवाराला पाच दिवस ठेवून घेतात. चित्रावरून गोष्ट लिहायला लावतात, गटात काम देतात, मैदानावर पाहतात, मुलाखत घेतात. निर्णय मोठा असला की एका प्रश्नावलीवर भागत नाही. पुण्यात या विषयाचे जाणकार आहेत. अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तेव्हापासून सदाशिव पेठेत मानसशास्त्रीय चाचण्यांचं काम चालत आलं आहे. दुसरं मत घ्यायचं तर मराठीत बोलणाऱ्या, मुलीला वेळ देणाऱ्या तज्ज्ञाकडून घ्या.

तिच्या बाबांना हा हिशेब दाखवा. पैसे वाया गेले असं वाटायला नको. काटेकोरपणाचा आकडा, तिने दिलेली उत्तरं, हे सगळं बोलणं सुरू करायला उपयोगी आहे. मामाला दुखवू नका, त्याने मायेनेच केलं. फक्त भाचीसमोर ‘रिपोर्टमध्ये आलंय’ हा शब्द काही दिवस काढू नकोस, एवढं सांगा.

मुलीशी बोलताना ‘तू अंतर्मुख नाहीसच’ असं म्हणू नका. ते तिला खोटं वाटेल. दोघी मिळून अहवाल उघडा आणि एकेका ओळीपाशी विचारा, हे कधी खरं असतं आणि कधी नसतं? तिलाच उदाहरणं देऊ द्या. पथकाचं ती स्वतःहून काढते का बघा. नाहीच काढलं तर तुम्ही विचारा. सूत्रसंचालनाचं नाव परत द्यायचं की नाही, हे तिच्यावर सोडा. नको असेल तर नको, पण कारण तिचं स्वतःचं असावं.

केंद्राकडून चाचणीचं नाव आणि मानकांची माहिती मिळाली की मला कळवा. अहवालातले बाकीचे आकडे कसे वाचायचे, ते पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन.